दोन स्वस्त १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर जोडून घरी बनवलेला अ‍ॅम्प चालेल का?

चालेल, माझा चालतोय. तुमच्याकडे १२-०-१२, ३ अँपियरचे दोन आहेत, टीडीए ७२९४ (अ‍ॅम्पची आयसी) चे दोन बोर्ड आहेत आणि टोरॉइडलचा, म्हणजे गोल कड्यासारख्या ट्रान्सफॉर्मरचा भाव ऐकून गप्प बसलात, तर मीही फोंड्यात तसाच गप्प बसलेलो.

आधी एक, सेकंडरी (कमी व्होल्टेजची आउटपुट बाजू) पॅरलल करायच्या नादाला लागू नका. स्वस्तातले दोन ट्रान्सफॉर्मर एकाच दुकानातले असले तरी व्होल्टेज थोडं इकडेतिकडे असतं, मग ते एकमेकांतच करंट फिरवतात आणि लोड नसतानाही गरम होतात, आणि फेज उलटी लागली तर सरळ शॉर्ट, धूर.

सिरीज करा. दोघांची मधली वायर विसरा, प्रत्येकीला वेगवेगळी हीट श्रिंक घालून बाजूला ठेवा. बाहेरच्या दोन टोकांत २४ मिळतात ना, मग एकाचं एक टोक दुसऱ्याच्या एका टोकाला जोडा, तो जोड म्हणजे तुमचा झिरो, उरलेली दोन ब्रिजच्या (एसीचं डीसी करणारे चार डायोड) एसीला, झाला २४-०-२४. प्रायमरी, म्हणजे मेन्सची बाजू, तेवढी दोन्ही २३० वर पॅरलल.

आता मी कुठे मेलो ते सांगतो. बाहेरच्या दोन्ही वायरी एकाच रंगाच्या, त्यामुळे कुठलं टोक कुठलं ते कळत नाही. मी ब्रिज लावला, कपॅसिटर लावले, डीसी मोजलं, प्लस ३६ मायनस ३६, खूश. चवथीला आरत्यांसाठी माइक जोडला तर आमच्या घुमट वाद्याच्याही खाली घूंऽऽ असा आवाज, आणि व्हॉल्यूम वाढवला की बसायचाच. काका म्हणाले गणपती घोरतोय काय रे. दोन आठवडे मी अर्थिंग बदललं, शिल्डेड वायर बदलली, ४७०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर काढून १०००० चे टाकले, आवाज थोडा कमी झाला पण गेला नाही. फेज उलटी होती! उलट्या फेजमध्येही डीसी बरोबरच दिसतं, फक्त प्रत्येक रेल (प्लस किंवा मायनसची लाइन) अर्ध्याच सायकलला भरते, म्हणजे १०० हर्ट्झच्या जागी ५० हर्ट्झचा रिपल, डीसीवरचा चढउतार, म्हणून लोड आला की व्होल्टेज पडतं. तेव्हा ब्रिज लावायच्या आधी बाहेरच्या दोन टोकांत एसी मोजा. ४८ च्या आसपास आलं तर बरोबर, शून्याच्या आसपास आलं तर एकाच ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या बाहेरच्या दोन वायरी अदलाबदल करा. प्लग काढून, अर्थात.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. २४ ला १.४१ ने गुणून डायोडचं वजा केलं की ३२-३३ येतात, पण स्वस्त ट्रान्सफॉर्मर लोड नसताना ३६-३८ दाखवतो, आणि आमच्याकडे रात्री लाइन २५० ला गेली की ४० च्या वर. टीडीए ७२९४ चालवायची मर्यादाच प्लस-मायनस ४० आहे, आणि बाजारातली आयसी अस्सल असेलच असं नाही. ८ ओहमचा स्पीकर असेल तर मी हे चालवतो, ४ ओहमचा असेल तर चालवूच नका, त्याला २७ च्या आसपास बास, म्हणजे ९-०-९ चे दोन घेऊन हेच करा, १८-०-१८ होतं, २४ च्या आसपास मिळतील.

पॉवरचं म्हणाल तर २४ गुणिले ३ म्हणजे ७२ व्हीए, दोघांचे मिळून १४४. दोन चॅनेलला सतत पूर्ण पॉवर नाही मिळणार, पण गाण्याला लागते कुठे एवढी? कपॅसिटर निदान ५० व्होल्टचे, प्रायमरीला १ अँपियरचा स्लो ब्लो फ्यूज, डबा लोखंडी असेल तर त्याला अर्थ. पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावा, क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर बंद करा आणि जोडण्या बघा. ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या वायरींपासून जमेल तेवढा लांब.

स्पीकर ४ चे की ८ चे तेवढं कळवा.