वाचकांचे प्रश्न : हॅरी पॉटरनंतर काय वाचावं?

प्रश्न : हॅरी पॉटरचे सातही भाग झाले. आता मोठ्यांसाठीची, पण न रेंगाळणारी फँटसी मालिका सुचवाल का? 'व्हील ऑफ टाइम'चे १४ भाग पाहूनच दडपण येतं.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ब्रँडन सँडरसन यांची 'मिस्टबॉर्न' घ्या. पहिली कथा तीन भागांत (२००६ ते २००८) पुरी होते. तिची खरी ताकद जादूच्या चोख हिशेबात आहे. धातूची पूड गिळायची आणि पोटात 'जाळायची'. पोलाद जाळलं की आसपासचा धातू ढकलता येतो, लोखंडाने ओढता येतो. हवेतलं नाणं ढकललं तर गोळीसारखं सुटतं. तेच जमिनीला टेकलेलं असेल, तर ढकलणाराच वर फेकला जातो. पूड संपली की शक्ती संपली. मिश्रधातूचं प्रमाण चुकलं, तर माणूस आजारी पडतो. म्हणून मारामारीत कोण कशामुळे हरलं, हे नेमकं कळतं.

याच मालिकेतल्या 'द अलॉय ऑफ लॉ' या पुढच्या पुस्तकापासून मात्र सुरुवात करू नका. ते सुमारे ३०० वर्षांनंतर घडतं आणि आधीच्या कथेचा शेवट फोडतं.

'व्हील ऑफ टाइम' त्यानंतर जरूर घ्या. आठ ते दहा हे भाग संथ आहेत, पण तिथे सोडू नका. मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन यांच्या निधनानंतर शेवटचे तीन भाग त्यांच्या टिपणांवरून सँडरसन यांनीच पूर्ण केले.