रिपोर्ट नॉर्मल, मग ह्यांना होतंय तरी काय?

"सगळ्या तपासण्या झाल्या, काहीच निघंना. मग ह्यांना होतंय तरी काय?" औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवरा पंचेचाळिशीतला, मुलगा लातूरला नीटच्या क्लासला. लघवीला सारखं जावं लागतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, सकाळी जबडा दुखतो. साखर, थायरॉईड, ईसीजी, लघवी, सोनोग्राफी, कशातच दोष नाही. जबड्याबद्दल दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत दात खाता. स्वतः त्यांचं म्हणणं एकच: "मला कशाचं टेन्शन?"

तपासण्या आधी झाल्या हे बरंच झालं. वारंवार लघवीमागे मधुमेह असू शकतो, आणि चालताना छातीत दुखत असेल तर समुपदेशकाकडे नाही, आधी डॉक्टरांकडेच जायचं.

खरी माहिती मिळाली ती समुपदेशनात दिवस कसा जातो हे विचारल्यावर. मुलाला दिवसाला आठेक फोन. त्याने उचलला नाही तर रूममेटला, मग मेसवाल्या मावशींना. बस साडेनऊची, हे आठलाच स्टँडवर. मोटार बंद केली का ते पाहायला रात्री पुन्हा शेतात. सोयाबीनचा भाव तासातासाला मोबाईलवर, बँकेचं पाकीट मात्र पंधरा दिवस न फोडता कपाटावर. घरात भांडं आपटलं तरी खेकसणं. गाव म्हणतं, बाप काळजीचा. घर म्हणतं, माणूस तापट. दोन्ही खरं, आणि त्यामुळेच चिंता कुणाच्या लक्षात येत नाही. पुष्कळ पुरुषांना भीती अशी वाटतच नाही. ती चिडचिडीतून, टाळाटाळीतून आणि पुन्हापुन्हा खात्री करण्यातून दिसते.

खात्री केल्यावर जीव किती वेळ शांत राहतो, हे पाहावं. जबाबदार माणूस मोटार एकदा पाहतो आणि झोपतो. ह्यांना फोन ठेवल्यावर दहा मिनिटं बरं वाटायचं, मग "त्याचा आवाज बसल्यासारखा होता का?" आणि पुन्हा फोन. ती दहा मिनिटंच सवय पक्की करतात.

मुंग्यांचं कारण साधं आहे. सतत उसासे आणि भराभर श्वास यांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, त्याने मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. म्हणून "छाती भरून श्वास घ्या" हा लाडका सल्ला इथे उलटा पडतो. नाकाने साधा श्वास, मनात ४ आकडे. सोडताना सावकाश ६. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि तेही त्रास नसताना. ऐन घबराटीत पहिल्यांदा करून पाहिलं तर जमत नाही.

मग आठवडाभर वही: वेळ, शरीरात काय झालं, त्यावर काय केलं, आराम किती टिकला. फोन एकदम बंद केले नाहीत, कारण तसा निर्धार दोन दिवसांत मोडतो. आठाचे चार, मग दोन, तेही ठरल्या वेळी. मध्येच करावासा वाटला तर १५ मिनिटं थांबायचं. चहा सातवरून तीन कपांवर, कारण कॅफिनने धडधड आणि लघवी दोन्ही वाढतात. सगळ्यात अवघड काम पत्नीचं होतं. "पोरगं ठीक असंल ना?" याला दरवेळी "हो हो" म्हणायचं नाही, "वहीत लिहा, रात्री बघू" म्हणायचं. कठोर वाटतं, पण घरच्यांचा धीरसुद्धा त्या फोनसारखाच दहा मिनिटं पुरतो.

सोबत 'जीएडी-७' ही चिंता किती आहे ते पाहणारी सात प्रश्नांची चाचणी घेतली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण. ह्यांचे १२ आले. १० किंवा त्याहून जास्त आले तर सविस्तर तपासणी हवी. नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही.

झोप उडाली, कामं ठप्प झाली किंवा दारू वाढली, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावेत. चिंतेवरच्या नेहमीच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेवढ्यात "फरक नाही" म्हणून सोडू नयेत. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागते आणि त्या अचानक बंद केल्या तर घबराट वाढते. जीव नकोसा वाटत असेल तर वाट पाहू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.