भारताचा स्कीपटू २०२२ च्या ऑलिंपिकमध्ये विजेत्यापेक्षा ३७ सेकंद मागे राहिला. मग अल्पाइन (बर्फाच्या उतारावरून खाली धावणाऱ्या) स्की रेसरच्या करिअरला आपल्या मुलांसाठी अर्थ काय? आणि ते टिकतं किती वर्षं?

वर्षांचं आधी उरकतो. स्लॅलममध्ये (जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून झटपट वळणांचा प्रकार) खेळाडू लवकर पिकतात. अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने २०१४ मध्ये सोचीला स्लॅलमचं सुवर्ण घेतलं तेव्हा ती १८ वर्षांची होती. डाउनहिलला (सर्वांत वेगवान, कमी वळणांचा प्रकार) उतार वाचायला शिकण्यातच उमेदीची वर्षं जातात. बीजिंगला २०२२ मध्ये फ्रान्सच्या योहान क्लारेने रौप्य मिळवलं ते ४१व्या वर्षी. ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर सलग आठ वेळा एकूण (सगळे प्रकार मिळून) विश्वचषक जिंकून २०१९ मध्ये तिशीत थांबला, २०२४ मध्ये नेदरलँड्सकडून परतला आणि त्याच डिसेंबरात सरावात गुडघ्याचा लिगामेंट तोडून बसला. थोडक्यात, गुडघा चालतो तोवर करिअर चालतं.

आता त्या ३७ सेकंदांकडे येतो, कारण हा आकडा ऐकला की माझं डोकं फिरतं. १३ फेब्रुवारी २०२२, बीजिंग ऑलिंपिकचं यानचिंग, पुरुषांचा जायंट स्लॅलम (खांब दूर दूर, वळणं मोठी). विजेता स्वित्झर्लंडचा मार्को ओडरमॅट, दोन फेऱ्यांत मिळून २:०९.३५. गुलमर्गचा आरिफ खान २:४७.२४, क्रमांक ४५. फरक ३७.८९ सेकंद. लोक इथेच थांबतात आणि ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हणून मोकळे होतात. अहो, या खेळात अंगण खरोखरच वाकडं असतं, आणि जो उशिरा नाचायला येतो त्याच्या वाट्याला ते जास्त वाकडं येतं.

स्टार्ट नंबर जागतिक गुणांवरून ठरतो. वरचे पंधरा चिठ्ठ्या टाकून आधी सुटतात, नंतर गुणांच्या क्रमाने बाकीचे. आरिफ यादीच्या तळाशी होता. आधी सुटलेल्या प्रत्येकाने त्याच गेटखाली (ज्याला वळसा घालायचा त्या खांबांखाली) त्याच रेषेत एज, म्हणजे स्कीची धातूची धार, रोवून बर्फ खरवडलेला असतो, त्यामुळे तिथे चर पडतो. शेवटच्या नंबरांपर्यंत गेटखाली चर आणि त्याच्या कडेला सुट्या बर्फाचा बांध असा मामला होतो. जायंट स्लॅलमची पुरुषांची स्की १९३ सेंटिमीटर लांब आणि ३० मीटर वळण-त्रिज्येची, ती काही चटकन वळत नाही. वळण जरा उशिरा सुरू झालं की स्की चरात आडवी शिरते, बाहेरचा पाय झटका खातो आणि माणूस पुढच्या गेटला दीड मीटर खाली पोहोचतो. उपाय एकच: गेटच्या बराच वर वळण सुरू करायचं, गोल रेषा धरायची. म्हणजे जास्त अंतर कापायचं, म्हणजे वेळ घालवायचा. वर त्या दिवशी यानचिंगला धो धो बर्फ पडत होता, पुढचं गेट धड दिसत नव्हतं. निम्म्याच्या आसपास स्पर्धक शर्यत पूर्णच करू शकले नाहीत. दुसऱ्या फेरीतही पहिले तीस उलट्या क्रमाने सुटतात आणि बाकीचे त्यांच्या मागून. म्हणजे परत तोच चर.

सूत्रानेच बघा. शर्यतीचे गुण = (तुमचा वेळ ÷ विजेत्याचा वेळ − १) × गुणक. स्लॅलमला गुणक ७३०, जायंट स्लॅलमला १०१०, सुपर-जीला (जायंट स्लॅलम आणि डाउनहिल यांच्यामधला प्रकार) ११९०, डाउनहिलला १२५०. गुण जितके कमी तितके चांगले. ३७.८९ सेकंदांचे होतात २९६. आणि त्या ऑलिंपिकला या प्रकारात किमान पात्रता होती १६० गुणांची! ओडरमॅटच्या वेळेवर १६० गुण म्हणजे साधारण साडेवीस सेकंद मागे. इतर शर्यतींत आरिफने ती पातळी गाठली होती म्हणून तर तो तिथे उभा होता. वरचे सतरा सेकंद चराचे, हवामानाचे आणि ‘पडायचं नाही’ म्हणून आवरून खेळण्याचे. तीनच दिवसांनी स्लॅलममध्ये तो पहिल्याच फेरीत बाहेर पडला. आवरून न खेळण्याची किंमत ही.

करिअरचं खरं गणितही याच सूत्रात आहे. छोट्या शर्यतीत वरच्या गुणांत ‘पेनल्टी’ मिळवतात, म्हणजे शर्यतीत किती तगडे खेळाडू होते त्यावरून ठरणारी भर. पहिल्या दहांत आलेल्यांपैकी ज्यांचे जागतिक गुण सर्वांत चांगले अशा पाच जणांच्या गुणांत, सुरुवात केलेल्यांपैकी सर्वांत चांगल्या पाच जणांचे गुण मिळवायचे, त्यातून पहिल्या दहांतल्या त्याच पाच जणांचे त्या दिवशीचे गुण वजा करायचे, दहाने भागायचं. समजा स्लॅलमचा विजेता १०० सेकंदांत आला, तुम्ही ११० मध्ये. ७३ गुण झाले. पेनल्टी ४० असेल तर ११३, ७० असेल तर १४३. दिवस तोच, स्की तीच, पण यादीत कोण होतं त्यावरून तीस गुणांचा फरक. वर्षभरातल्या सर्वांत चांगल्या दोन निकालांची सरासरी धरतात, म्हणून शहाणा खेळाडू विमानाच्या तिकिटाआधी प्रवेशिकांची यादी बघतो. आरिफने एक पात्रता दुबईच्या छताखालच्या बर्फावर आणि दुसरी माँटेनेग्रोत मिळवली, यावर हसणाऱ्यांना हे ठाऊकच नसतं.

स्कीच्या धारेबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. आपल्याकडे तिथेच सगळं हुकतं. बाजूची एज ८७ अंश, तळाकडून अर्धा अंश उतार. आधी फाइल, मग २००, ४००, ६०० च्या डायमंड स्टोनने बर (धारेवर उरलेली धातूची बारीक कूस) काढायची. बर राहिली तर स्की एज सोडत नाही. तळ मध्ये खोलगट झाला असेल तर ती रुळावरच्या डब्यासारखी सरळ धावते आणि प्रशिक्षक पोराला शिव्या घालतो. पाणी पाजून गोठवलेल्या कोर्सवर कालची धार आज चालत नाही. स्कीच्या तळाला वॅक्स लावलंत तर पूर्ण थंड होऊ द्या, मगच खरवडा. फ्लोरीनवालं वॅक्स मात्र २०२३-२४ पासून बंद, तपासणीत सापडलं की बाद.

हो, आणि उगाच गैरसमज नको. आरिफला पहिला नंबर दिला असता तरी ओडरमॅट त्याला दिसला नसता. उरलेले वीस सेकंद लहानपणापासून गेटांमधून काढलेल्या दिवसांचे आहेत. ते युरोपात हिमनदीवर उन्हाळ्यातही मिळतात आणि गुलमर्गला हिवाळ्याचे मोजके महिने. त्यामुळे मुलाला पाठवायचंच असेल तर चौदा-पंधराव्या वर्षाच्या आत पाठवा. सोळाव्या वर्षापासून आंतरराष्ट्रीय गुण सुरू होतात, आणि तिथे ज्याची सुरुवातच तळातून होते तो पुढची कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या चरांतून स्की करतो. पुढच्या वेळी निकाल बघाल तेव्हा क्रमांकाच्या आधी बिबचा, म्हणजे स्टार्ट नंबरचा, रकाना वाचा, आणि आपल्या खेळाडूच्या पुढे-मागे सुटलेल्या दहा जणांशी तुलना करा. ओडरमॅटशी नको.