दाखला मागू नका, बैठक मागा

प्रश्न : आम्ही दिघ्याला राहतो. मुलगा पालिकेच्या शाळेत तिसरीत आहे, पायाला आधाराचे कॅलिपर लावून चालतो. पट कमी झाला म्हणून वर्ग दुसऱ्या शाळेत हलवणार असं कानावर येतंय. ती शाळा ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे आहे. बाई म्हणाल्या, याला विशेष शाळेत घाला. मी घरकाम करते. आमचं कोण ऐकणार?
– एक आई, दिघा

उत्तर : ताई, पहिली गोष्ट म्हणजे घाबरून शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. एकीने काढला की शेजारीण काढते, पट आणखी घसरतो आणि वर्ग हलवायला आयतं कारण मिळतं. पालिकेच्या शाळेत 31 वर्षं शिकवताना हे मी दोनदा डोळ्यांदेखत पाहिलंय.

तुम्ही उपकार मागत नाही आहात. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याखालच्या राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत हवी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने, 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकता येतं, आणि पसंती मुलाची असते. बाईंनी काळजीपोटी सुचवलं असेल, पण ते ठरवणं त्यांच्या हातात नाही. दिव्यांग मुलांच्या ने-आणीची सोय करणंही याच कायद्यात आहे. अपंगत्वाचा दाखला नसेल तर आधी त्याच्या मागे लागा.

आता शाळा व्यवस्थापन समितीकडे वळा. तिच्यात 75 टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. कागदावर ती सगळीकडे असते. आमच्याकडे बैठक व्हायची कामाच्या दिवशी सकाळी अकराला. त्या वेळी धुणीभांडी करणाऱ्या आया दुसऱ्यांच्या घरी असायच्या आणि नाक्यावरचे बाप कामावर. इतिवृत्ताची वही मात्र सह्यांनी भरलेली. एकदा मीच हट्टाने रविवारी संध्याकाळी सहाला बैठक लावली. 43 पालक आले. यवतमाळहून आलेले, कलबुर्गीहून आलेले, बिहारचे. हिंदी-मराठी मिसळून बोलले, पण बोलले. कोपऱ्यातली एक आई उठून म्हणाली, माझी पोरगी दिवसभर पाणी पीत नाही, कारण मुलींच्या संडासाला कडीच नाही. आठ दिवसांत कडी लागली.

म्हणून अर्ज एकटीच्या नावाने देऊ नका. परराज्यातल्या आयांनाही घ्या, त्यांच्या मुलांचीही तीच शाळा आहे. बैठकीआधी एक काम करा : शाळा भरायच्या वेळी मुलाचा हात धरून त्या दुसऱ्या शाळेपर्यंत चाला. घड्याळ बघा. रस्ता ओलांडायला किती मिनिटं लागली, डंपर किती गेले, तो किती वेळा थांबला, तारीख घालून लिहा. तिथे पायऱ्यांऐवजी चढायला उतार (रॅम्प) आहे का, संडासाचं दार किती रुंद, तेही शिवणाच्या टेपने मोजा. मग बैठकीत वर्ग हलवण्याला विरोधाचा ठराव समितीच्या वहीत लिहून घ्या आणि त्याची प्रत पालिकेच्या शिक्षण विभागात द्या. आवक शिक्का मारलेली दुसरी प्रत तुमच्या ट्रंकेत राहू द्या.

बैठक रविवारीच मागा. तारीख ठरली की कळवा. मी कळव्यात राहते, दिघा मला लांब नाही, मागच्या बाकावर येऊन बसेन.