खायच्या फुलांना फवारा चालत नाही: परसबागेच्या प्रश्नांना उत्तरं

मृगाच्या तोंडावर आमच्याकडे बियाणं, खत आणि गुलाबी बोंडअळी याच विषयांचे प्रश्न येतात. यंदा मात्र पाच जणांनी वेगळंच विचारलं: घरच्या घरी खायची फुलं कशी लावायची? रावेरच्या ताईंना मळ्यातली केळफुलं वाया जातात याची हळहळ आहे. चोपड्याच्या ताईंचं गंगाफळाच्या (लाल भोपळ्याच्या) फुलांवरून सासूबाईंशी वाजलंय. शिरपूरच्या एका शिक्षकांची गच्चीवरची गोकर्णी दर उन्हाळ्यात जळते. शहाद्याच्या भाऊंच्या जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागलाय आणि अमळनेरच्या एका तरुणाला ही फुलं पुण्याच्या हॉटेलांना विकायची आहेत. शिवारफेरीत एका आबांनी तर कण्हेरीकडे बोट दाखवून विचारलं, "साहेब, हाई फूल खावानं शे का देवले वाहावानं?" त्यांचं उत्तर आधी देतो, कारण ते जिवाशी आहे.

आबा, कण्हेर फक्त देवाला. कण्हेर आणि पिवळी बिट्टी या दोन्हींचं विष थेट हृदयावर जातं. धोतरा, रुई, कळलावी, सदाफुली हीसुद्धा ताटात नकोत. महादेवाला धोतरा आणि मारुतीला रुई चालते म्हणून ती आपल्या पोटाला चालेल असं नाही. जे फूल घरात पिढ्यान्‌पिढ्या भाजी म्हणून खाल्लं गेलंय, तेच खायचं. मोबाईलवर फोटो पाहून फूल ओळखायचं नाही. कोणतंही फूल पहिल्यांदा खाताना दोन-चार पाकळ्याच घ्याव्यात. परागकणांचा त्रास होणाऱ्यांनी आतले केसर काढूनच फूल वापरावं.

आता रावेर. ताई लिहितात, "निसवण झाल्यावर (केळफूल बाहेर पडल्यावर) शेवटची फणी सुटली की कमळं, म्हणजे केळफुलं, मोडून बांधावर टाकतो. हजारानं जातात. त्यांची भाजी केली तर?" केळफुलाची भाजी उत्तमच, पण या कमळांची नको. फुलकिड्यांसाठी आपल्याकडे कमळ निघतानाच त्यात कीटकनाशकाचं इंजेक्शन देतात. औषध जिथे टोचलं तोच भाग तुम्ही चिरायला घेणार. शिवाय घडावर फवारे होतात ते वेगळेच. गुरांपुढेही ही कमळं टाकू नका.

भाजीसाठी न्हाणीच्या पाण्यावर दोन-तीन केळी वेगळ्या लावा आणि त्यांना औषधाचा थेंबही दाखवू नका. आठ-नऊ महिन्यांत कमळ येईल. घडाच्या टोकाला केळी धरणं थांबलं की शेवटच्या फणीखाली वीतभर देठ सोडून सकाळी कमळ मोडा. चिरण्याआधी हाताला आणि विळीला तेल लावा, नाहीतर चिकाचे काळे डाग आठवडाभर जात नाहीत. वरची लाल पानं काढत गेलं की प्रत्येक पानाखाली फुलांची एक ओळ असते. त्यातल्या प्रत्येक फुलातून दोन गोष्टी काढायच्या: टोकाला गाठ असलेला कडक दांडा आणि बुडाशी असलेला पारदर्शक पापुद्रा. हा दांडा कितीही शिजवा, दाताखाली येतोच. चिरलेलं फूल रात्रभर ताकात बुडवून ठेवलं की तुरटपणा उतरतो. काम वेळखाऊ आहे, म्हणून दोन जणींनी गप्पा मारत बसावं.

चोपड्याच्या ताई, सासूबाई म्हणतात की फुलं तोडली तर वेल फळत नाही. त्यांचं अर्धं खरं आहे. गंगाफळाच्या वेलाला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या बुडाशी बोराएवढं गंगाफळ आधीपासूनच असतं, ते तोडलं तर फळ गेलंच. नर फूल लांब, बारीक, सरळ दांड्यावर येतं आणि त्याखाली गाठ नसते. वेल फुलावर आला की पहिले काही दिवस बहुतेक नर फुलंच येतात. "फुलं भरपूर, फळ एक नाही" अशी तक्रार घेऊन लोक आमच्याकडे येतात ते याच दिवसांत. ही फुलं बिनधास्त खुडा. पुढे मादी फुलं सुरू झाली की रोज सकाळी प्रत्येक वेलावर दोन-तीन नर फुलं मधमाशीसाठी राखा.

फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, म्हणून आठाच्या आत खुडायचं. आत डोकावून बघा, मधमाशी पाय पिवळे करून बसलेली असते, तिला आधी झटकून द्या. मधला पिवळा दांडा आणि बुडाचे काटेरी हिरवे दोरे काढा, मग बेसनात बुडवून तळा किंवा पीठ पेरून परता. लाल भुंगेरे पानं-फुलं कुरतडतात. ते भल्या सकाळी सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका. फळमाशीला क्यू ल्यूरचा (माशीला ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा पुरतो.

एक मात्र सांभाळा. शेजारी केळीचा मळा असेल तर गंगाफळ, काकडी, दोडका यातलं काहीच त्याच्याजवळ लावू नका. केळीवरचा हरण्या रोग ज्या विषाणूनं होतो तो या वेलींवरही राहतो आणि मावा ही कीड तो केळीवर नेते. दहा भज्यांपायी शेजाऱ्याचा बाग बसायला नको.

शिरपूरच्या गुरुजींच्या गोकर्णीला ऊन मारतंच, पण त्याआधी तिला कुंडी मारते. तुम्ही शेतातली काळी माती नुसती कुंडीत भरलीय. ती ओली असली की चिखल होतो. वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. आपण म्हणतो, रोज पाणी घालतो तरी झाड का सुकतं! एक घमेलं माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं जाड रेती असं मिश्रण करा. बारा इंची कुंडी, खाली मोठी भोकं, वर पाचोळ्याचं आच्छादन. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा. आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा सिमेंटच्या गच्चीवर कुंडी विटांवर उचलून ठेवणंसुद्धा कामी येतं. पाणी सकाळीच.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून जूनमध्ये टोका. फुलं रोज खुडली तर वेल शेंगांकडे वळत नाही आणि बहर लांबतो. निळा चहा करायचा तर कपाला चार-पाच फुलं, हिरवा देठ काढून. लिंबू पिळलं की निळ्याचं जांभळं होतं, ती रंगद्रव्याची करामत आहे, वर्गात दाखवायला छान. चव मात्र फारशी नसते, उगाच मोठी अपेक्षा ठेवू नका. शेंगा आणि बिया खायच्या नाहीत, आणि गरोदर बायकांनी हा चहा टाळलेला बरा.

शहाद्याच्या भाऊंनी लिहिलंय, "जास्वंदीवर पांढरा कापूस बसल्यासारखं झालंय. रासायनिक मारत नाही, घरचा दशपर्णी अर्क मारू का?" भाऊ, इथेच बरेच जण फसतात. दशपर्णीत तुम्ही काय घालता ते आठवा: रुई, कण्हेर, घाणेरी, एरंड, कुणी धोतराही घालतं. वर ज्यांना खाऊ नका म्हटलं, त्यांचाच हा अर्क. सेंद्रिय असला तरी विषारीच. कपाशीवर मारा, खायच्या फुलावर नको.

फळभाजीच्या औषधावर फवारणी ते तोडणी यातले दिवस लिहिलेले असतात. परसातल्या गुलाब-जास्वंदीसाठी असे दिवस डब्यावर सापडत नाहीत, कारण ही फुलं कुणी खाईल असं धरलेलंच नसतं. पाकळी नाजूक, तिला सालही नाही आणि चोळून धुताही येत नाही. म्हणून खायच्या फुलाला औषध न मारणं एवढाच उपाय उरतो.

तुमच्या जास्वंदीवर मुंग्या चढत असतील. त्या पिठ्या ढेकणाला एका फांदीवरून दुसरीवर नेतात आणि राखतातही. आधी त्यांची वाट तोडा: भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा, कुंडी पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवा. फार भरलेले शेंडे छाटून जाळा. उरलेला ढेकूण जुन्या दातांच्या ब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा, दर चौथ्या दिवशी, तीन वेळा. तरी हटला नाही तर एवढा एकच अपवाद: पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारा. त्यानंतर आठवडाभराची फुलं टाकून द्या, कडू लागतात. घर कपाशीच्या बांधाला लागून असेल तर वाऱ्यानं येणाऱ्या फवाऱ्याचाही विचार करा, झाड घराच्या दुसऱ्या अंगाला हलवा.

रोपवाटिकेतून नवीन झाड आणलं तर कुंडीची माती बदला आणि पहिला बहर देवाला वाहा. गुलकंदासाठी बाजारातला हाराचा गुलाब नकोच. घरचा गावठी सुगंधी गुलाब, वजनाइतकी खडीसाखर, काचेची बरणी आणि आपलं ऊन. उन्हाची आपल्याला ददात नाही.

अमळनेरच्या जिभाऊ, तुम्हाला स्पष्टच सांगतो. ताजी फुलं पुण्याला पाठवायचा बेत सोडा. सकाळी खुडलेलं फूल दुपारी मान टाकतं, आणि हॉटेलवाला मागणार दोन डबे, तेही शनिवारी. पैसा वाळणाऱ्या फुलात आहे, आणि ते आपल्या बांधावर पूर्वीपासून आहे: अंबाडी. आपण तिची पानं भाकरीबरोबर खातो आणि फुलं सोडून देतो. खरं तर ज्याला आपण अंबाडीचं फूल म्हणतो ती पाकळी नसून बोंडाभोवतीचं लाल, मांसल आवरण असतं. पाकळ्या गळल्यावर, बोंड हिरवं असतानाच ते तोडायचं. बोटभर जाडीच्या धातूच्या नळीनं बुडाकडून दाबलं की आतलं बोंड टप्पकन बाहेर पडतं आणि लाल वाटी हातात राहते. सावलीत वाळवून डब्यात भरली की चटणी आणि सरबताला पुढे बरेच महिने चालते. विकायच्या आधी अन्नपदार्थाची नोंदणी मात्र करून घ्या.

बी घेताना सावध राहा. दोरासाठी लावायच्या अंबाडीचं आवरण पातळ असतं, त्यात काही मिळत नाही. गेल्या वर्षी ज्यांच्या बांधावर जाड, लाल बोंडं धरली होती त्यांच्याकडूनच बी मागा. जून-जुलैत दोन-दोन फुटांवर टोका. लवकर लावली म्हणून फूल लवकर येत नाही, दिवस लहान होऊ लागले की दिवाळीच्या आसपासच ती फुलावर येते. लवकर लावण्याचा फायदा एवढाच की तोवर झाड मोठं होतं आणि बोंडं जास्त लागतात. कपाशीला लागून लावू नका, बोंडअळी अंबाडीवरही जगते. ज्वारीच्या कडेला दोन ओळी बस्स.