कुलूप काढलं नाही म्हणून नोकरी गेली

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कारखान्यात मी नऊ वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. एका मोटरचा फीडर (तिला वीज देणारी शाखा) सारखा ट्रिप व्हायचा, म्हणजे आपोआप बंद पडायचा, म्हणून एमसीसीचा (अनेक मोटरींच्या कंट्रोल पॅनेलचा) इनकमर, म्हणजे मुख्य स्विच, बंद करून मी त्याला कुलूप आणि 'चालू करू नका' असा टॅग लावला. शिफ्ट इंचार्ज म्हणाले, "फीडरचाच एमसीसीबी (ब्रेकर) पाड, बाकीच्या लायनी चालू दे." मी कुलूप काढलं नाही. चौथ्या दिवशी आज्ञाभंगाचं कारण देऊन मला कामावरून काढलं. ना चार्जशीट, ना चौकशी. आता हिशेबाच्या कागदावर सही मागतात. काय करू?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : तो कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. 'स्वखुशीने राजीनामा' किंवा 'कोणतीही मागणी शिल्लक नाही' असं वाक्य त्यात घुसडलेलं असू शकतं. पगार-रजेचे पैसे घ्यायचेच असतील, तर सहीजवळ 'हक्क राखून' असं लिहा आणि फोटो काढून ठेवा.

तुमचं सगळं प्रकरण ज्यावर उभं आहे, ते मात्र तुम्ही लिहिलेलंच नाही : पॅनेलमध्ये नेमकं काय उघडलं होतं? एमसीसी ड्रॉआउट, म्हणजे प्रत्येक फीडरचा कप्पा ट्रॉलीसकट बाहेर ओढता येणारा, असेल आणि नुसता कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) किंवा ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की मोटर बंद करणारा) बदलायचा असेल, तर ट्रॉली बाहेर ओढून त्या कप्प्याला कुलूप लावणं पुरतं. तसं असेल तर इंचार्जचं म्हणणं गैर नव्हतं. फिक्स्ड पॅनेलमध्ये, म्हणजे कप्पे बाहेर निघत नसतील तिथे, एमसीसीबी पाडला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलांवर ४१५ व्होल्ट तसेच राहतात. ती टर्मिनलं उघडी असतील किंवा एमसीसीबीच बदलायचा असेल, तर बसबार (सगळ्या फीडरना वीज देणाऱ्या पॅनेलमधल्या पट्ट्या) बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही. त्यात इंटरलॉकचे (यंत्रं एकमेकांशी जोडणाऱ्या कंट्रोल वायरिंगचे) २३० व्होल्ट पुष्कळदा भलत्याच पॅनेलमधून येतात. म्हणजे फीडर पाडूनही कॉन्टॅक्टरची कॉइल झटका देऊ शकते.

म्हणून परमिटची (कामाच्या लेखी परवान्याची) प्रत, पॅनेलचं ड्रॉइंग, ट्रिपची नोंद, त्या दिवसाचे व्हॉट्सअॅप मेसेज आधी गोळा करा. परमिटवर वीज खरंच बंद असल्याची व्होल्टची मापं लिहिली असतील तर फारच चांगलं : मीटर आधी चालू सप्लायवर तपासायचा, मग फेज-फेज तीन, फेज-न्यूट्रल तीन, फेज-अर्थ तीन, न्यूट्रल-अर्थ एक, अशी दहा मापं घ्यायची आणि मीटर परत चालू सप्लायवर लावून बघायचा. या शेवटच्या पायरीला लोक फाटा देतात. मधेच मीटरचा फ्यूज उडाला असेल, तर दहाही शून्यं खोटी. फीडरवर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर वीज बंद केल्यावरही त्याच्या आतल्या डीसी बसवर ५८५ च्या आसपास व्होल्ट साठून असतात. ड्राइव्हच्या प्लेटवर लिहिलेली वेळ थांबून तिथलंही माप घ्यावं लागतं.

आता कायदा. आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या नोकरीच्या नमुना नियमांत) गैरवर्तन म्हटलंय ते 'कायदेशीर आणि वाजवी' हुकूम जाणूनबुजून मोडण्याला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांप्रमाणे, नेमून दिलेल्या माणसाखेरीज कुणी चालू यंत्रावर काम करायचं नाही. 'काम करणार नाही' आणि 'चालू बसबारवर करणार नाही' यांतला फरक तुमच्या प्रत्येक अर्जात दिसला पाहिजे. धोक्याची खबर मालकाला आणि निरीक्षकाला देण्याचा हक्क कायदा स्पष्ट देतो. काम नाकारण्याचा तितका स्पष्ट देत नाही. तेव्हा त्या दिवशी एखादा मेसेज पाठवला असेल तर तो सोन्यासारखा जपा.

चौकशी झाली नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नका. औद्योगिक न्यायाधिकरणापुढेही कंपनी आरोप शाबीत करू शकते. कामावर परत घेण्याची मागणी स्पीड पोस्टाने पाठवा, पोच ठेवा, मग श्रम कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत त्याची मुदत बडतर्फीपासून दोन वर्षं आहे. जुन्या कायद्यातल्या तीन वर्षांवर विसंबू नका. काढल्यापासूनचा मागचा पगार हवा असेल तर सध्या दुसरीकडे कमाई नाही, हे अर्जातच लिहा.

प्रश्न : काम करताना स्विचला लावायच्या कुलपाची दुसरी चावी सुपरवायझरकडे असावी का?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : रोजच्या वापरासाठी नाही. एका माणसाचं एक कुलूप, चावी त्याच्याच खिशात. चौघं काम करत असतील तर सहा भोकांच्या हॅस्पवर (एकाच स्विचला अनेक कुलपं लावायच्या कडीवर) चार कुलपं. माणूस कुलूप विसरून घरी गेला, तर तो आवारात नाही याची खात्री, त्याला फोन, रजिस्टरला नोंद आणि मगच कटरने कुलूप कापायचं. दुसऱ्या दिवशी काम सुरू करण्याआधी त्याला तसं सांगायचं.