जर्मनीत खातं उघडताना: आधी पत्ता, मग बँक

तुमचा प्रश्न असा: दोन-तीन महिन्यांत नोकरीसाठी जर्मनीला यायचंय, पत्नीही सोबत येणार आहे आणि पुढे तिला स्वतःचं ग्राफिक डिझाइनचं काम सुरू करायचंय. तर बँक खातं निघण्याआधीच उघडून ठेवावं का, कोणत्या बँकेत, आणि तिच्या कामासाठी वेगळं खातं लागेल का? जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेकजण बँकांची तुलना करत बसतात आणि घोडं अडतं भलतीकडेच.

ते अडतं पत्त्यापाशी. इथे घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात आणि ती ब्युर्गरआम्ट या नागरिक कार्यालयात होते. जर्मन माणसाच्या ओळखपत्रावरच त्याचा पत्ता छापलेला असतो. आपल्या पासपोर्टवर इथला पत्ता नसतो, म्हणून बहुतेक बँका पासपोर्टच्या जोडीला या नोंदणीचा दाखला मागतात. आणि नोंदणीसाठी नुसता भाडेकरार पुरत नाही. तुम्ही खरोखर तिथे राहायला आला आहात असं घर देणाऱ्याने सही करून दिलेलं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग नावाचं पत्र लागतं. थोड्या मुदतीसाठी खोली देणारे बरेचजण ते द्यायला तयार नसतात. तेव्हा सुरुवातीचे महिने काढायला जी जागा घ्याल, तिचे पैसे भरण्याआधी हे पत्र मिळेल का ते लेखी विचारून घ्या. माझ्या मते खात्याच्या दृष्टीने तुमचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे. मोठ्या शहरांत ब्युर्गरआम्टची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून तीही निघण्याआधीच ऑनलाइन घेऊन ठेवा. दोन आठवड्यांच्या आतली मिळाली नाही, तर वेळ घेतल्याचा पुरावा जपून ठेवा.

अजून एक गोष्ट, अगदी साधी, पण यावाचून सगळं थांबतं: घराच्या टपालपेटीवर तुमचं आडनाव लागलेलं हवं. पोस्टमन नाव पाहूनच पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड आणि त्याचा पिन वेगवेगळ्या पाकिटांतून येतात, आणि नोंदणीनंतर मिळणारा ११ अंकी कर-ओळख क्रमांकही टपालानेच येतो. दुसऱ्याच्या घरात राहणार असाल तर त्यांच्या नावाखाली तुमच्या नावाची चिठ्ठी पहिल्याच दिवशी लावा.

निघण्याआधी खातं उघडावं का? तुमच्या बाबतीत गरज नाही. विद्यार्थ्यांना व्हिसासाठी जे श्पेरकोन्टो, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणारं खातं, उघडावं लागतं, ज्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, ते वेगळं. नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्याला ते लागत नाही. पहिल्या पगाराची चिंता असेल तर एवढं लक्षात ठेवा: युरोपीय संघाच्या २०१२ च्या सेपा, म्हणजे युरोतल्या बँक व्यवहारांच्या, नियमावलीनुसार, पगार जर्मन आयबॅनवरच (देशाच्या संकेताने सुरू होणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) घेतला पाहिजे असा हट्ट मालकाला धरता येत नाही. लिथुआनिया किंवा बेल्जियमचा आयबॅनही त्याला चालवून घ्यावाच लागतो. त्यामुळे ॲपवर चटकन उघडणारं खातं पहिल्या दोन महिन्यांची सोय म्हणून उत्तम. मात्र ते देणारी संस्था बँक आहे की फक्त ई-मनी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पैशांचा, परवाना असलेली कंपनी, हे बघा. बँकेत प्रत्येक माणसाच्या १ लाख युरोपर्यंतच्या ठेवीला कायद्याने हमी असते. ई-मनी कंपनीला ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवावे लागतात, पण ती ठेव-हमी तिथे नसते. बचत तिथे साठवू नका.

अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, आणि ते कुठे लिहायचं, कुठे गाळायचं असा गोंधळ होतो. बँक, नोकरीचा करार आणि नोंदणी, तिन्हीकडे एकच रूप ठेवा. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का हे तपासावं लागतं, आणि न जुळल्यास पाठवणाऱ्याला तशी सूचना दिसते.

ओळख पटवायला व्हिडिओ कॉल किंवा पोस्टात जाऊन पासपोर्ट दाखवणं, असे दोन मार्ग असतात. व्हिडिओत पासपोर्ट स्वीकारला गेला नाही तर घाबरू नका, पोस्टाचा मार्ग धरा. कर कुठल्या देशात भरता याचं एक स्वघोषणापत्रही बँकेला द्यावं लागतं. तिथे खरं ते लिहा, कारण खात्याची माहिती देशांमध्ये आपोआप दिली-घेतली जाते.

आणि बँकेने नकारच दिला तर? हे फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून ठासून सांगते. जून २०१६ पासून युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला जर्मनीत बाझिसकोन्टो, म्हणजे मूलभूत खातं, मिळण्याचा हक्क आहे. कायमचं घर नसलेल्यांना आणि आश्रय मागणाऱ्यांनाही. सर्वसामान्य लोकांसाठी खाती चालवणाऱ्या बँकेला अर्ज आल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि नकाराची कारणं कायद्याने मोजकीच ठरवून दिलेली आहेत. अन्याय वाटला तर बाफिन या वित्त नियामकाकडे दाद मागता येते. या खात्यात पगार, भाडं, कार्ड सगळं चालतं. शिल्लक नसताना पैसे काढण्याची सवलत मात्र सहसा नसते. अर्ज करताना 'बाझिसकोन्टो' हा शब्द वापरा, म्हणजे तो साध्या खात्याचा अर्ज समजून बाजूला पडणार नाही. नव्याने आलेल्यांची शूफा या पतमापन संस्थेकडे काहीच नोंद नसते, त्यामुळे साध्या खात्याला नकार आला तरी तो तुमच्यावरचा ठपका समजू नका.

आता पत्नीच्या कामाचं. कुटुंब म्हणून मिळणाऱ्या निवास परवान्यावर काम करायची मुभा असते, आणि तीत स्वतःचा व्यवसायही येतो. परवान्याचं कार्ड हातात आलं की तशी नोंद आहे ना हे वाचून घ्या. एकटीने काम करणाऱ्या व्यक्तीने वेगळं खातं ठेवलंच पाहिजे असा कायदा नाही. पण खाजगी खात्यावर व्यवसायाचे व्यवहार करायला पुष्कळ बँकांची नियमावली मनाई करते. म्हणून पहिल्या बिलापासून तिच्या नावावर वेगळं व्यवसाय-खातं असावं असं मला मनापासून वाटतं. कराचा हिशेबही त्यामुळे सोपा होतो. एक लक्षात असू द्या: मूलभूत खात्याचा हक्क फक्त खाजगी वापरासाठी आहे, व्यवसायासाठी बँक नाही म्हणू शकते. तेव्हा दोन-तीन ठिकाणी चौकशी करा.

पुढेमागे गेएमबेहा, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी, काढायची ठरली तर क्रम असा: आधी नोटरी, मग बँक, मग नोंदणी. किमान भांडवल २५,००० युरो, आणि त्यातले निदान १२,५०० कंपनीच्या खात्यात जमा झाल्याशिवाय नोंदणीचा अर्ज पुढे जात नाही. २५ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा असलेल्या प्रत्येकाची ओळख बँक तपासते, आणि भागीदार परदेशात असेल तर वेळ लागतो. म्हणून नोटरीची तारीख घेण्याआधीच बँकेकडून लागणाऱ्या कागदांची यादी मागवून घ्या.